बिटाचा रस आणि शंभर मीटर

नातवंडांनो, तुमच्यातला जो शाळेत पळतो, त्यानं दिवाळीनंतरच्या एका रविवारी मला फोनवर गडद लाल रंगाची एक बाटली दाखवली. "आजी, हा बिटाचा रस. आमचे सर शर्यतीआधी प्यायला लावतात." मी विचारलं, चव कशी आहे? तो म्हणाला, "माती." मागून त्याच्या बहिणीनं तोंड घातलं, "आजी, याची जीभ बघ, नुसता राक्षस!" मग तुमचं जुंपलं आणि फोन बंद पडला.

पुढे त्या रसाचं इथे काय झालं, ते तुम्हाला तुकड्यातुकड्यांनी कळलं आहे. तुमच्या आईनं तर ते कुणाला तरी अगदीच भलतं करून सांगितलं. म्हणून सगळं क्रमानं लिहिते. मधेमधे लघवीचा विषय येईल. हसू आलं तर हसा, आम्हीही शेवटी हसलोच.

बीडच्या घराच्या वरच्या खोल्या मी भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना देते, हे तुम्हाला माहीत आहे. या वर्षी वर एकच मुलगी होती, घाटनांदूरच्या बाजूच्या एका खेड्यातली. तिचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. आपल्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवते. जोडीतलं एक माणूस बसलं की दुसऱ्याचं काम अडतं. ही मुलगी लहानपणी त्यांच्याबरोबर उसाच्या फडावरच असायची. पुढे वसतिगृहात राहून बारावी झाली आणि पोलीस भरतीच्या मागे लागली.

भरतीत आधी मैदान असतं. आठशे मीटर पळायचं, शंभर मीटर पळायचं आणि गोळा फेकायचा. मैदानात टिकलं तर लेखी परीक्षा. आठशेत ही पोरगी हरणासारखी होती, गोळ्यात बरी होती, आणि शंभरात हमखास मार खायची. आदल्या भरतीत तिचं मैदान शंभरानंच घालवलं होतं. या खेपेला नाही झालं तर लग्न, असं घरी ठरलं होतं. मुलगाही बघून ठेवलेला होता, तोही कोयत्यावर जाणारा. म्हणजे लग्न झालं की पुढच्या हंगामात ही त्याच्या जोडीला फडावर. ती हे मला एकदाच बोलली, बुटाची नाडी बांधता बांधता. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही.

मला पळण्यातलं काही कळत नाही. जन्म इंग्रजी शिकवण्यात गेला. पण वाचता येतं, म्हणून तुमचा फोन झाल्यावर मी बसून वाचलं. बिटात असं काहीतरी असतं की आपल्या जिभेवरचे जंतू त्याचं रूप बदलतात, आणि मग रक्तवाहिन्या सैल होतात, स्नायूंना थोडं सोपं जातं. लांब पळणाऱ्यांबद्दल लोक जरा खात्रीनं लिहितात. छोट्या, जोराच्या धावेबद्दल मतं वेगवेगळी होती. कुणी म्हणे फायदा होतो, कुणी म्हणे फरकच दिसला नाही. मला वाटलं, नुकसान तर नाही. पळण्याआधी दोन-अडीच तास प्यायचं, आणि प्यायल्यावर लगेच औषधी पाण्यानं चूळ भरायची नाही, कारण जिभेवरचे ते जंतूच मेले तर काम कोण करणार? एवढे नियम मी तिला सांगितले. शंभराचा सराव ती संध्याकाळी करायची, म्हणून दुपारच्या चहाची वेळ ठरवली.

मंडईच्या तोंडाशी फळांचा गाडा लावणाऱ्या चाचांकडे बीट चांगलं मिळतं. आठवडाभर मी पिशव्या भरून नेतेय म्हटल्यावर त्यांना राहवेना. "क्या अम्मा, बीट का कारखाना डाले क्या?"

"रस काढते. पोरगी पळते आमच्याकडची."

"किस के साथ पळती?"

मी पिशवी उचलून घरी आले.

बीट किसायचं, मिक्सरमधून काढायचं, जुन्या धोतराच्या फडक्यातून पिळायचं, वर लिंबू आणि आल्याचा तुकडा. पहिल्या दिवशी ओट्यावर, भिंतीवर, माझ्या लुगड्यावर डाग पडले. मुलीनं ग्लास नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला.

"आजी, ह्ये पिऊन पळायचं का ओकायचं?"

"आधी पी. मग ठरव."

तिला धीर यावा म्हणून मीही अर्धा कप घेतला. चव खरंच मातीची होती, पहिल्या पावसाआधी नांगरलेल्या वावरासारखी. मला काही झालं नाही, तिनंही ओकलं नाही, आणि मग ते रोजचंच झालं.

काही दिवसांनी ती आपणहून म्हणाली, "आजी, अजून हाय का?" मी खूष झाले. एक ग्लास होता त्याचे दोन झाले. पुढे वरच्या खोलीत तिनं स्वतः आणलेलं बीट दिसलं, कापून, मीठ लावून ताटलीत ठेवलेलं. मला वाटलं, पोरीला गुण येतोय. पण चेहरा उलट उतरत चालला होता. बोलणं कमी झालं. सरावाहून येऊन सरळ वर जायची. मैदान जवळ आल्यामुळे असेल, असं मी धरून चालले. मुलींचं तसं होतंच.

मग एका दुपारी फाटक वाजलं. बाहेर एक बाई उभी होती, काखेत गाठोडं, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. हाताच्या बोटांवर उसाचा काळा चीक बसलेला. चाळिशीही झालेली नसावी, पण कंबरेत वाकून चालत होती.

"बाई, मी तुमच्या वरच्या पोरीची आई. तिला न्यायला आले."

भर हंगामात फड सोडून आलेली आई मी तोवर पाहिली नव्हती. पाणी दिलं, ते ती उभ्यानंच प्यायली.

"न्यायला? अहो, मैदान चार दिवसांवर आलंय."

"मैदान गेलं खड्ड्यात. जीव ऱ्हायला तर मैदान."

मुलगी जिन्यात येऊन थांबली होती. आई तिच्याकडे वळली. "सांग की बाईला. फोनवर तर रडून रडून सांगितलंस. आता कावून मूग गिळून बसलीस?"

मुलीनं कठडा धरला. "लघवीला लाल व्हायलंय, आजी. पाळी न्हाई, तरी बी."

"कधीपासून?"

"लई दिस झाले."

"मग मला का नाही बोललीस?"

"तुमी डाक्टरकडं न्याल म्हणून." मग हळूच म्हणाली, "म्हणून तर दोन दोन गिलास पित होते. जेवढं रगत जायलंय तेवढं भरून तर निघाय पायजे."

आता मला सगळं एकदम दिसलं. आपल्याकडे बीट म्हणजे रक्त, हे कुणाला शिकवावं लागत नाही. बाळंतीण असो, फिकट पडलेली शाळकरी मुलगी असो, जो तो सांगतो, बीट खा, रक्त वाढेल. तुमच्या आईलाही मी हेच सांगून कोशिंबिरी चारल्या आहेत. या पोरीला लाल दिसलं, ती घाबरली, रक्त भरून काढायला तिनं आणखी बीट खाल्लं, आणि त्यानं आणखी लाल दिसलं. मला हसू फुटलं.

"हसा बाई," तिची आई म्हणाली. "तुमची लेकरं तिकडं सुखात हायेत."

मी तिला बसवलं आणि समजावलं. बिटाचा रंग काही लोकांच्या लघवीतून तसाच बाहेर पडतो, ते रक्त नाही, दुखत नाही, धोका नाही. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पळून पळून पोटातलं काहीतरी तुटलंय. माझं बी असंच सुरू झालतं."

तिचं काय सुरू झालं होतं, ते तिनं तिथेच सांगितलं, मुलगी समोर असताना, शिळी गोष्ट सांगावी तसं. तिशीच्या आतच कधीतरी अंगावरून जायला लागलं. फडावर आडोसा नाही, विसावा नाही. एका दवाखान्यात गेली. तिथे कागदावर काळं-पांढरं चित्र दाखवून सांगितलं, पिशवी खराब झालीय, ठेवलीस तर कॅन्सर होईल. पिशवी म्हणजे गर्भाशय. ते काढून टाकलं. पुढच्या हंगामात ती पुन्हा मोळ्या उचलत होती. तिच्या टोळीतल्या कितीतरी बायांचं असंच झालेलं. लाल दिसलं की पुढे काय, हे तिच्या दृष्टीनं ठरलेलंच होतं. लेकीला त्या वाटेवरून मागे ओढायला ती आली होती. तिचं चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

पण मैदान चुकलं असतं तर पोरगी कुठे जाणार, हेही मला माहीत होतं.

मी माझ्या पद्धतीनं गेले. रिक्षा केली, दोघींना आपल्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोरीला तपासलं, रक्त-लघवी तपासायला दिली. संध्याकाळी अहवाल आला. लघवीत रक्त नव्हतं. अंगात लोह मात्र कमी होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की लोह कमी असलेल्यांच्यात हा लाल रंग जास्त दिसतो. गोळ्या लिहून दिल्या, दोन दिवस बीट बंद ठेवून बघा म्हणाल्या, आणि पळायला हरकत नाही असंही स्पष्ट सांगितलं.

घरी येऊन मी तो अहवाल आईच्या हातात दिला. तिनं तो उलटासुलटा केला आणि टेबलावर ठेवला.

"मला बी कागदच दाखवला व्हता, बाई."

 मी दुसऱ्याला पटवायचं ते छापील अक्षरानंच, अशी माझी सवय. आणि या बाईचं ज्यानं नुकसान झालं होतं, तो छापील कागदच होता.

ती वर गेली आणि लेकीचे कपडे भरायला लागली. खाली आवाज येत होते.

"फडावर नेऊन काय करणारेस? मोळ्याच बांधायला लावणार ना?"

"जिती ऱ्हायलीस तर बांधशील!"

"मग मेलेली बरी."

"तोंड फोडीन तुझं!"

थोड्या वेळानं आई एकटीच खाली आली. मी स्वयंपाकघरात भाकरी टाकत होते. तिनं फ्रीजचं दार स्वतःच उघडलं. दुपारी काढलेला रस बाटलीत तसाच होता.

"ह्येच का त्ये?"

"हो."

"ह्याच्यानंच लाल होतंय म्हणता तुमी."

"हो."

"मग मला द्या." तिनं बाटली ओट्यावर ठेवली. "माझ्यात आता रगत यायला जागाच न्हाई. मला लाल झालं तर ते रसाचं. न्हाई झालं तर सकाळच्या गाडीनं पोरगी माझ्यासंगं."

मला आधी तिच्या बुद्धीचं कौतुक वाटलं आणि मग भीती. कारण हे सगळ्यांना होत नाही. मी रोज अर्धा कप घेत होते, मला एकदाही झालं नव्हतं. तिला नाही झालं तर विनाकारण सगळं संपणार होतं. गप्प राहावं असंही मनात आलं. पण कुणीतरी आधी कधी तिला अर्धंच सांगितलं होतं, तेच मी कसं करू?

"काहींना होतं, काहींना होत नाही," मी म्हणाले. "मला झालं नाही. तुम्हाला नाही झालं तरी तिचं रसामुळेच आहे."

"तुमचं सोडा," ती म्हणाली. "मी तिची आई हाय."

आणि ती ग्लास भरून पाण्यासारखा रस प्यायली, मग दुसरा. तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. ग्लास विसळून पालथा घातला आणि भाकरी थापायला मला बाजूला सारलं. "सरका. तुमची भाकर लई जाड हुतीय."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी चहा टाकला होता. मागच्या दाराची कडी वाजली. मी मुद्दाम वळून पाहिलं नाही. गॅसच्या ज्योतीकडे बघत उभी राहिले.

"अगं ए! खाली ये! भवाने, खाली ये आधी!"

मी वळले. ती दारात उभी होती, पदर तोंडावर धरून, आणि खांदे हलत होते. क्षणभर मला वाटलं रडतेय. मुलगी धावत जिना उतरली.

"बाई," आई मला म्हणाली, "माझी पिशवी परत उगवली का काय?"

मग आम्ही तिघी हसलो. चहा उतू गेला तरी कुणी उठलं नाही. मुलगी हसता हसता आईच्या पाठीत बुक्के मारत होती, "एवढ्या लांबून आलीस, काम सोडून, येडे!" आई म्हणत होती, "तू येडी! बीट खाऊन रगत बघतीस आन् रगत बघून बीट खातीस!"

हसणं ओसरल्यावर आई पायरीवर बसली. मी चहा दिला. ती बशीत ओतून फुंकर घालत राहिली, प्यायली मात्र नाही.

"बाई," ती म्हणाली, "माझी बी खरंच खराब झालती का?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. 

तिनं मान हलवली आणि चहा प्यायली. मग वर जाऊन भरलेले कपडे पुन्हा दोरीवर टाकले.

ती मैदानापर्यंत थांबली. मुकादमाचे फोन येत होते. तिकडे नवरा एकटा तोडणार काय आणि बांधणार काय? ती फोन कानाला लावायची, शांतपणे ऐकायची, "येते" म्हणायची आणि ठेवायची. बीट बंद केल्यावर मुलीच्या लघवीचा रंग नेहमीसारखा झाला, तेही आईनं स्वतः खात्री करून घेतलं. पोरगी त्या दिवसांत खूप झोपली.

मैदानाच्या दिवशी रस द्यायचा की नाही हा प्रश्न होता. माझं दोन-अडीच तासांचं गणित निकामी झालं, कारण बोलावणं पहाटेचं, आणि आत गेल्यावर कागदपत्रं, उंची-बिंची सगळं होऊन पळायला नंबर कधी लागेल याचा काहीच नेम नसतो. मी म्हटलं, राहू दे आज. मुलगीही म्हणाली, "आज नको. नुसतं पाणी पिते."

आईनं ऐकलं नाही. "कावून नको? इतके दिस माती प्याली, आता आईन टायमाला टाकतीस?" तिनं स्वतः बीट किसलं. मिक्सर तिला चालवता येत नव्हता, तेवढा मी चालवला. छोट्या बाटलीत रस भरून तिनं मुलीच्या पिशवीत ठेवला. "रांगेत बसलीस की पी. अन् लाल झालं तर बोंबलू नको."

आत नातेवाइकांना सोडत नाहीत. आम्ही दोघी भिंतीबाहेर इतर आयाबापांबरोबर थांबलो. ऊन चढलं. भिंतीपलीकडून शिट्टी ऐकू यायची, मग पळणाऱ्या पायांचा आवाज, मग काही नाही. कोण पळतंय ते दिसत नव्हतं. प्रत्येक शिट्टीला ती उठून उभी राहायची, कंबर धरून, आणि पुन्हा बसायची. मी एकदा म्हटलं, प्रत्येक वेळी उठू नका, कंबर दुखेल. ती म्हणाली, "मोळी उचलताना दुखती. पोरीपायी न्हाई दुखत." आणि पुढच्या शिट्टीला उठताना तोंडातून "आई गं" निघालंच, तेव्हा स्वतःच हसली.

दुपार कलल्यावर मुलगी बाहेर आली. गुडघ्याला माती होती.

"पडलीस?" आईनं विचारलं.

"गोळा टाकताना बसले खाली. पळताना न्हाई."

"पोटात दुखतंय?"

"न्हाई गं."

"शंभरात?" हे मी विचारलं.

"माझ्या गटात माझ्या पुढं दोघीच व्हत्या." तिनं आपली वेळ सांगितली. तिची आजवरची ती सर्वांत चांगली वेळ होती. पुरेशी होती की नाही, हे तिथे कुणालाच सांगता येत नव्हतं.

आई त्याच दिवशी गाडीत बसली.

आता पळणारे महाशय विचारतील, आजी, मग रसाचा उपयोग झाला ना? मला सांगता येणार नाही. पोरगी रोज सराव करत होती. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, पण त्यांना गुण यायला इतके थोडे दिवस पुरत नाहीत. मनातली भीती गेली होती, झोप झाली होती. आणि रस होता. यातलं कशानं किती, हे वेगळं काढायची माझ्याकडे काही सोय नाही. तू पितोस तर पी. लाल दिसलं तर आधी काय खाल्लं ते आठव. आणि आठवूनही शंका राहिली तर लाजू नकोस, आईला सांग.

मैदानाची यादी लागली तेव्हा मुलगी लेखीला बसू शकणाऱ्यांत होती. ती यादीतलं आपलं नाव पुन्हा पुन्हा वाचत बसली, म्हणून आईला फोन मीच लावला. तिकडे ट्रकचा आवाज होता, माणसं ओरडत होती. मला दोनदा सांगावं लागलं.  

"मग त्या पोराला काय सांगू?" ती म्हणाली.

"कुठल्या पोराला?"

"ज्याच्यासंगं हिचं ठरवलंय."

"लेखी अजून व्हायचीय," मी सांभाळून म्हणाले. "पुढचं काय होईल ते आत्ताच—"

"व्हईल न्हाईतर न्हाई व्हईल. त्याला सांगते, दुसरा जोडीदार बघ. माझी पोरगी कोयत्यावर येत न्हाई."

मागून कुणीतरी तिला हाक मारली, "मोळी उचल की गं, ट्रक थांबलाय!" तिनं "आले" म्हटलं आणि फोन ठेवला.